नीरेकाठचा मुक्काम, माळावरचा कळप

आम्हा चिपळूणकडच्या माणसांना जंगल म्हटलं की झाडं लागतात. ती एकमेकांना चिकटून असली पाहिजेत, खाली ओल पाहिजे आणि पायाला जळू लागण्याची थोडी तरी शक्यता पाहिजे. त्यामुळे वन्संनी जेव्हा "इंदापूर तालुक्यात जंगल सफारीला जायचंय" असं जाहीर केलं, तेव्हा तांदूळ निवडता निवडता मला हसू आलं. बारामती-इंदापूरकडे ऊस असतो, साखर कारखाने असतात, पुढारी असतात. जंगल कुठून आलं?

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कुसुमताई. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांना जनावरांचं वेड लागलं आहे. ताडोब्याला दोनदा जाऊन वाघ न बघता परत आल्या, आणि त्याचा राग अजून वाघावर आहे. आता त्यांना लांडगा बघायचा होता. "वाघ राजा आहे, नखरे करणारच. लांडगा बिचारा साधा असतो, दिसेल," असं त्यांचं तर्कशास्त्र. दुखऱ्या गुडघ्यांना आधार म्हणून सोबतीला कुणीतरी हवं होतं. घरात असं कुणीतरी म्हणजे नेहमी मीच असते.

नदीकाठी

बारामतीहून निघाल्यावर दोन्ही बाजूंना इतका ऊस होता की रस्ता सोडून दुसरं काही दिसेना. मग एका वळणावर लाल मातीचा रस्ता उतरला आणि खाली नीरा दिसली, संथ आणि बरीचशी रिकामी. काठावर चार खोल्या, एक मोठा ओटा आणि 'फॉरेस्ट लॉज' अशी हिरवी पाटी. फॉरेस्ट म्हणजे मागची पाच-पन्नास करंजाची आणि बाभळीची झाडं. बाकी दोन्ही बाजूंना ऊसच.

मालक प्रमोदराव चाळिशीचे, उंच, घाईत बोलणारे. मूळचे ऊसवाले. जुन्या जीपला मागे बाकं बसवून पाहुण्यांना गवताळ माळावर लांडगे, कोल्हे, चिंकारा दाखवायला नेतात. स्वयंपाक त्यांच्या बायकोचा, संगीताचा. आम्ही पोचलो तेव्हा तिनं आधी दुधाचा चहा दिला. चहात दूध नव्हतं, दुधात चहा होता. आमच्याकडे पाहुण्याला असा चहा दिला तर घरात दुभतं जास्त झालंय असं समजतात. इथं दुभतं खरंच जास्त होतं.

जेवायला बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. मी भात मागितला तर संगीताच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

"बरं न्हाय का ताई तुमाला?"

तिच्याकडे भात पोट बिघडलेल्या माणसाला देतात म्हणे. आमच्याकडे पोट बिघडलं की भात मिळणार नाही या विचारानंच माणूस बरा होतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्यासाठी मूठभर भात टाकायला सुरुवात केली, पण वाढताना दरवेळी एकदा कपाळाकडे बघायची.

माळावर

संध्याकाळच्या फेरीला प्रमोदरावांनी आम्हाला अर्ध्या तासावरच्या माळावर नेलं. ऊस एकदम संपला, जणू कुणी कात्रीनं कापला होता, आणि पुढे नुसतं पिवळं गवत. झाड दिसलंच तर एखादं हिवर, तेही वाकडं. मला आधी उघडंबोडकं वाटलं. मग ऊन कलायला लागलं, गवताच्या टोकाटोकाला उजेड आला आणि त्यातून तीन चिंकारा उड्या मारत गेल्या. वन्संनी माझ्याकडे विजयानं पाहिलं.

लांडगा काही दिसला नाही. "दिसंल ताई, उद्या दिसंल," असं प्रमोदराव चार वेळा म्हणाले. यावर्षी त्यांनाही लांडगा फार दिसला नव्हता. पाहुणे हिरमुसून जातात, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

परतताना त्यांनी जीप थांबवून त्यांचं रान दाखवलं. वनखात्याच्या माळाला लागूनच दोन-अडीच एकर जिरायत, उंचसखल, मधून पावसाच्या पाण्यानं खोल कापलेली एक ओघळ गेलेली. बांधावर पाईप रचून ठेवले होते.

"पाणी आलंय आता," ते म्हणाले. "परवा सकाळी जेसीबी येतोय. दोन महिने झालं नंबर लावला हुता. ही वघळ बुजवायची, सपाट करायचं, अन् ऊस."

रानाच्या पलीकडे एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. डोक्याला मळका पटका, खांद्यावर घोंगडं, समोर चाळीसेक मेंढरं. प्रमोदरावांनी हाक मारली, "तात्या, बरं हाय न्हवं?" त्यानं हात वर केला, पण बघत होता पाईपांकडे.

भिगवणला पाण्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला गेलो. होडीवाल्यानं वन्संना दोन्ही हात धरून असं जपून बसवलं की आमच्या घरच्या गणपतीलाही कुणी इतक्या काळजीनं उचलत नाही. पक्षी शेकड्यांनी होते. पाण्यात माना घालून चिखल चाळत होते आणि मध्येच सगळे मिळून उडाले की पंखांखालचा गुलाबी रंग दिसायचा. हे मी वर्णन करून सांगू शकत नाही, पण ते सुंदर होतं आणि मला रडू आलं, एवढं नोंदवून ठेवते.

दुपारी तिथल्याच एका खानावळीत चिलापी तळून आली. गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायचं की नाही याबद्दल आमच्या माहेरी दुमत नव्हतं. मी तो पूर्वग्रह घेऊन पहिला घास घेतला आणि मग दुसरा मासा मागवला. वन्संनी घरी सांगणार नाही असं वचन दिलं आहे.

संध्याकाळी पुन्हा माळावर निघालो आणि प्रमोदरावांच्या रानापाशीच चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढेपर्यंत वन्सं जीपमध्ये दुर्बीण लावून बसल्या. मला मात्र दुसरीच अडचण आली. सकाळपासूनचा संगीताचा चहा. आता आमच्या कोकणात चार पावलं चाललं की आडोसा सापडतो. इथं क्षितिजापर्यंत मला लपवेल असं एक झुडूप नव्हतं. शेवटी ती ओघळ आठवली. रान ओलांडून मी काठाशी पोचणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, तिकडं नगा जाऊ."

तात्या होता, कालचा मेंढपाळ. मला वाटलं साप असेल. मी जागच्या जागी उभी राहिले आणि समोर नजर गेली. ओघळीच्या पलीकडच्या काठाला एक भोक होतं, पोत्याच्या तोंडाएवढं. त्यातून एक काळपट, गोल चेहरा बाहेर आला. मग त्याच्या पाठीवर चढून दुसरा. कान अजून नीट उभे राहिले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा मागे सरकताना मागच्यासकट आत कोसळला.

तात्यानं माझ्या दंडाला हात न लावता नुसत्या काठीनं मला मागे वळवलं. पंचवीस-तीस पावलं गेल्यावर म्हणाला, "लांडगीण हाय. पाच पिल्लं हायती. ती लांब गेलीया खायाला."

"प्रमोदरावांना माहीत आहे?"

"न्हाय."

"अहो, उद्या सकाळी जेसीबी येणार आहे."

"म्हनून तर कालधरनं हितंच हाय."

मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. तो खाली बसला आणि मातीत काठीनं रेघा ओढत बोलला, सावकाश, कळपाकडे लक्ष ठेवून.

"परमोद मानूस वाईट न्हाय. पन त्याचा धंदा दावायचा हाय. सांगितलं तर जेसीबी थांबवंल, खरं. मग जीप आणंल. एक आली की धा येतील. फोटू निघंल, मोबाईलवर जाईल. ती घाबरली की पिल्लं तोंडात धरून दिवसाउजेडी हलवती. कुत्री टपल्याली असत्यात. पाचातलं एक ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

"वनखात्याला कळवलं तर?"

"पाटी लावतील. पाटी लागली की मानसं येत्यात."

ही लांडगीण त्याचीही कोकरं नेत असणारच. मी तसं विचारलं. तो म्हणाला, नेते, वर्षाला दोन-तीन. "ती नेती, मी हाकलतो. तिचं काम ती करती, माझं मी. बिळात हात घालायचा न्हाय. माझ्या बापानं घातला न्हाय, मी घालनार न्हाय."

तेव्हा मला माझ्या वडिलांचं भातशेत आठवलं. आमच्याकडे कापणी झाली की घाट उतरून देशावरचे मेंढपाळ यायचे. वडील त्यांना बोलावून शेतात कळप बसवायचे. रात्री मेंढरं शेतात बसली की खत होतं. चार रात्री ठरल्या तर चार रात्री. त्या पुऱ्या होण्याआधी बसलेला कळप कुणी उठवत नाही. एकदा पाचव्या दिवसाचं काम तिसऱ्या दिवशी निघालं तेव्हा वडिलांनी कामच पुढे ढकललं होतं.

"तात्या," मी म्हटलं, "इथंच मेंढरं बसवा की. उद्याचा नंबर हुकला की जेसीबी लवकर परत यायचा नाही."

त्यानं मान हलवली. "बोलावल्याबिगर बसत न्हाय कुनाच्या रानात. आन् परमोद आता कशाला बोलावंल?" मग म्हणाला, "म्या कोकनात लई बसवल्यात. आता गुडघं चालंनात. हितं कोन बोलावत न्हाय. समदे पोत्यातलं खत टाकत्यात."

तिकडून जीपचा भोंगा वाजला. स्टेपनी लागली होती. मी कुणाला सांगणार नाही असा शब्द त्याला दिला आणि ज्या कामासाठी आले होते ते तसंच ठेवून परत गेले.

चुलीपाशी

खोटं बोलायला मला अवघड जात नाही, पण ज्या घरचं खाते तिथं बोलायचं म्हणजे घास अडकतो. संगीता शेंगोळ्या करत होती. हुलग्याचं पीठ हातावर वळून त्याची छोटी कडी करून उकळत्या पाण्यात सोडायची. मी पाटावर बसून वळायला लागले. माझ्या शेंगोळ्या पाण्यात सुटायला लागल्यावर तिनं त्या हळूच बाजूला केल्या.

"ते माळावरचं रान कुणाच्या नावावर?" मी विचारलं.

"माझ्या. का वं?"

"तात्या भेटला होता. त्याला तिथं मेंढरं बसवायची आहेत. तीन-चार रात्री."

तिचा हात थांबला. "उद्या तर सपाट करायचंय."

"हो. त्याला ठाऊक आहे."

"मग आत्ताच का बसतोय म्हातारा?"

यावर मी शेंगोळीकडे बघत राहिले. संगीताही बघत राहिली, माझ्याकडे. मग म्हणाली, "तात्यानं आजपातूर कुनाकडं काय मागितलं न्हाय. माझ्या सासऱ्याच्या येळेपासनं हितं हाय. त्यो मागतोय म्हंजी कायतरी असंल." आणि मला पुढं काही न विचारता तिनं फोन उचलला. तात्याकडे मोबाईल होता.

"तात्या, आमच्या माळाच्या रानात मेंढरं बसवा. तीन राती. भाकरी धाडते." फोन ठेवून ती पुन्हा पिठाकडे वळली. "ह्यास्नी सकाळी सांगते. आत्ता सांगितलं तर जेवायचं न्हाईत."

जेवताना प्रमोदराव नव्या उसाच्या बेण्याबद्दल उत्साहानं बोलत होते. शेंगोळ्या अप्रतिम झाल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

चहा होतानाच संगीतानं सांगून टाकलं. प्रमोदरावांनी कप खाली ठेवला.

"आज जेसीबी येतोय, ठाऊक हाय न्हवं तुला?"

"ठाऊक हाय. मेंढरं बसलीत. तीन रातींचा शब्द दिलाय."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर न्हाय म्हनला असता."

चहा तसाच टाकून ते उठले आणि त्यांनी जीप सुरू केली. आम्ही दोघी सफारीला म्हणून टोप्या घालून तयारच होतो, मागे चढून बसलो. वन्संना वाटलं, आज लांडगा नक्की.

जेसीबी आमच्या आधी पोचला होता. बांधाबाहेर उभा, इंजिन चालू. रानाच्या अलीकडच्या टोकाला, ओघळीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, सुताच्या जाळीची वाघर लावलेली आणि तिच्या आत मेंढरं एकमेकांना चिकटून बसलेली. बाहेर तात्या घोंगडं पांघरून. रात्रभर झोपला नसावा.

प्रमोदराव त्याच्याजवळ गेले. आम्ही जीपमध्येच, पण ऐकू येत होतं.

"तात्या, आसं करा. आज उठवा. माझ्या तुटलेल्या उसाच्या खोडव्यात बसवा, नदीकडं. पाहिजे तितक्या राती बसवा."

"घरच्या लक्षुमीनं बोलावलंय. तीन रातींनी उठंन."

"लोकाचं मशिन खोळंबून हाय, तात्या."

"दिसतंय मला."

मग तात्यानं काहीतरी हळू सांगितलं. प्रमोदरावांचा आवाज बदलला. "कवा?" "पहाटं." एक कोकरू गेलं होतं. जाळीच्या एका कोपऱ्यात माती उकरलेली होती, ती तात्यानं काठीनं दाखवली.

प्रमोदरावांनी आजूबाजूला पाहिलं. आधी नुसतंच, मग काहीतरी शोधत असल्यासारखं.

"तात्या, कुत्री कुठायत?"

तात्यानं घोंगडं खांद्यावर ओढून घेतलं.

"मेंढरं बसवलीत, अन् एक कुत्रं न्हाय?"

"घरी बांधलीत."

मला त्या क्षणी काही कळलं नव्हतं. देशावर वाढलेल्या माणसाला मात्र यापुढं काही सांगायची गरज नव्हती. कुत्र्यांशिवाय माळावर कळप घेऊन बसणारा मेंढपाळ म्हणजे दार उघडं टाकून झोपलेला सोनार. म्हाताऱ्यानं स्वतःची कोकरं उघड्यावर ठेवली होती, कारण कुत्री असती तर ती बिळापर्यंत गेली असती.

प्रमोदराव खाली वाकले. कोपऱ्यापासून मातीत उमटलेले माग बघत ते रान ओलांडून चालू लागले, ओघळीच्या दिशेनं.

"वहिनी, तिकडं काय बघतायत हो ते?" वन्संनी दुर्बीण उचलली.

"बांध बघत असतील," मी म्हटलं, आणि त्यांच्यापुढे सरकून बसले. त्यांना माझा खांदा दिसला असेल, दुसरं काही नाही.

ओघळीच्या वीसेक पावलं आधी ते थांबले. पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं, संपलं सगळं. फोटो निघणार. वर्षभर पाहुण्यांना "उद्या दिसंल" म्हणत आलेल्या माणसाच्या समोर, त्याच्या स्वतःच्या रानात, लांडग्याची पाच पिल्लं. मी त्यांच्या जागी असते तर फोटो काढला असता.

त्यांनी मोबाईल कानाला लावला. बांधावरच्या जेसीबीवाल्याचा फोन वाजला, त्यानं तो स्पीकरवर घेतला.

"तू जा पणदऱ्याला. तिथला नंबर घे आधी. माझं ऱ्हाऊ दे."

जेसीबी धुरळा उडवत गेला. प्रमोदराव परत आले ते वळसा घालून, पाय उचलून टाकत, जसं झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर येतो. तात्यासमोर उकिडवे बसले.

"पाऊस पडंपतूर बसा, तात्या," ते म्हणाले. "आन् बारकी कोकरं सांजच्याला माझ्या गोठ्यात आणून बांधत जा."

तात्यानं पटका काढून तोंड पुसलं आणि परत बांधला.

जीपमध्ये बसताना वन्संनी विचारलंच. "काय सापडलं का हो?"

प्रमोदरावांनी किल्ली फिरवली. "काय न्हाय ताई. कोकराचं रगत हुतं. चला, तुमाला चिंकारा दावतो."

चिंकारा पुष्कळ दिसल्या. एक खोकडही दिसलं, कोल्ह्याचं धाकटं भावंड, आपल्या बिळाशी उन्हात बसलेलं. लांडगा दिसला नाही. वन्संनी सभ्यपणे आभार मानले आणि प्रमोदरावांनी ते मान खाली घालून घेतले.

निघताना

चौथ्या दिवशी सामान गाडीत ठेवताना ते माझ्याजवळ आले.

"ताई, तुमाला ठाऊक हुतं."

"हो."

"मला सांगायचं न्हाय का?"

मला शरम वाटली. तीन दिवस त्यांच्या घरी जेवून मी त्यांच्यावर एवढा विश्वास ठेवला नव्हता. तसं मी म्हणाले.

"न्हाय, बरं केलंत," ते म्हणाले. "परवा सांगितलं असतं तर मी जीप नेली असती. म्हाताऱ्याचं कोकरू गेल्यालं बघितलं, मग न्हाय नेववली."

ज्येष्ठात संगीताचा फोन आला. पाऊस लागला, तात्यानं वाघर गुंडाळली, बीळ रिकामं आहे, पिल्लं आईबरोबर माळावर हिंडताना तात्याला दोनदा दिसली. पाचही. रान अजून तसंच उंचसखल आहे. तात्याची आणखी दोन कोकरं गेली.

त्या दिवशी मी वन्संना सगळं सांगितलं. ज्यासाठी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी एवढ्या लांब गेल्या, ते त्यांच्यापासून दोनशे पावलांवर होतं आणि मी मध्ये खांदा घातला होता. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि पिल्लं नेमकी कशी दिसत होती ते विचारलं. मी एकावर एक चढून आत कोसळलेली दोघं सांगितली. त्यांनी ते मला तीनदा सांगायला लावलं.

आता असं लिहिणारे शेवटी तिथं कसं जायचं, कुठं उतरायचं, कुणाला फोन करायचा हे देतात. मी देणार नाही. वन्संना विचारून बघा हवं तर. पोस्टात चाळीस वर्षं पत्ते वाचलेली बाई आहे, पण हा पत्ता आपल्याला माहीतच नाही म्हणून सांगते.